शेलच्या कोडची विभागणी : गाभ्यात काय राहावे, प्लगइनमध्ये काय जावे?

उभीरेघ

आम्ही काही जण मिळून रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एक कमांड-लाइन शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, लिहीत आहोत. एका कमांडचे उत्तर दुसरीकडे नेणाऱ्या पाइपलाइनमधून नुसता मजकूर न जाता तक्ते, संख्या, तारखा, कालावधी अशी रचनाबद्ध माहिती जावी, ही त्यामागची कल्पना. सुरुवातीला सगळा कोड एकाच क्रेटमध्ये (रस्टमधील कोडच्या एका पॅकेजमध्ये) होता आणि भाषेची रचना रोज बदलत असल्यामुळे तेव्हा ते योग्यही होते. आता भाषा बऱ्यापैकी स्थिरावली आहे. परंतु कमांड वाढत गेल्यामुळे लिहिलेल्या कमांडची फोड करणाऱ्या पार्सरमध्ये एखादी ओळ बदलली तरी एचटीटीपी, स्प्रेडशीट आणि डेटाबेस हाताळणारा सगळा कोड पुन्हा कंपाइल होतो, ज्याला केवळ फायली चाळायच्या आहेत त्याच्याही बायनरीत टीएलएस (सुरक्षित जोडणी) आणि एसक्यूलाइट (डेटाबेस) येऊन बसतात, आणि नव्याने हातभार लावू इच्छिणाऱ्याला वाचायला कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही.

तेव्हा काही कोड मूळ लायब्ररींत आणि उरलेला प्लगइनमध्ये, म्हणजे बाहेरून जोडता येणाऱ्या भागांत, विभागायचे ठरले आहे. माझे मत आधीच मांडतो. ‘जे नेहमी लागते ते गाभ्यात, जे क्वचित लागते ते बाहेर’ हा निकष मला अपुरा वाटतो, कारण कोणाला काय नेहमी लागते यावर एकमत कधीच होत नाही. त्याऐवजी प्रत्येक कमांडबाबत एकच प्रश्न विचारावा : शेलच्या स्वतःच्या स्थितीला हात न लावता, केवळ हाती आलेली मूल्ये घेऊन आणि नवी मूल्ये परत देऊन हिचे काम पुरे होते का? होत असेल तर ती बाहेर जाऊ शकते. होत नसेल तर ती कितीही लहान असो, तिची जागा गाभ्यातच.

या प्रश्नाचे उत्तर युनिक्सला अगदी आरंभीच द्यावे लागले होते. पीडीपी-७ या जुन्या संगणकावरील युनिक्समध्ये डिरेक्टरी बदलणारी कमांड इतर कमांडसारखीच एक होती. पुढे नवी प्रोसेस निर्माण करणारा फोर्क आला, प्रत्येक कमांड स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालू लागली, आणि ही कमांड इमानेइतबारे स्वतःच्याच प्रोसेसची डिरेक्टरी बदलून संपू लागली. शेल मात्र होता तिथेच. त्यामुळे तिला शेलच्या आत घ्यावे लागले, आणि आजही प्रत्येक शेलमध्ये ‘सीडी’ आतच असते.

दोन गोष्टींवर मते हवी आहेत. प्लगइन शेलच्याच प्रोसेसमध्ये डायनॅमिक लायब्ररी (चालू प्रोग्राममध्ये आणता येणारा कोड) म्हणून चढवावे की स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालवावे? आणि मूळ लायब्ररींमध्ये कोणी कोणावर अवलंबून राहावे?

अर्धविराम

पहिल्या प्रश्नाचा इतिहास थोडा पाहून घेण्यासारखा आहे, कारण जुन्या शेलनी डायनॅमिक लायब्ररीचा मार्ग बराच चालून पाहिला आहे. बॅश या शेलमध्ये ‘इनेबल’ या कमांडला ‘-एफ’ हा पर्याय देऊन सामायिक ऑब्जेक्ट फाइलमधून नवी बिल्ट-इन, म्हणजे शेलच्या आतली, कमांड चढवता येते, आणि बॅशच्या सोर्सबरोबर अशा कमांडची उदाहरणे असलेली एक डिरेक्टरीही मिळते. तरीही रोजच्या वापरात ही सोय फारशी दिसत नाही. एक कारण असे की अशी कमांड लिहिताना बॅशच्या अंतर्गत हेडर फायली घ्याव्या लागतात, म्हणजे ती लिहिणारा बॅशच्या आतल्या रचनांना बांधला जातो.

झेडएसएच हा शेल याहून पुढे गेला. तिथे मॉड्यूल ही कल्पना शेलच्या बांधणीतच आहे. ओळ संपादित करणारा झेडएलई हा भागसुद्धा एक मॉड्यूल आहे. स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलला तो लागत नाही, म्हणून तो गरजेपुरताच चढवला जातो. टीसीपी जोडण्या, गणिती फंक्शने, वेळ-तारीख यांची मॉड्यूले वेगळी आहेत आणि ‘झेडमॉडलोड’ने ती आणता येतात. म्हणजे १९९० साली सुरू झालेल्या शेलमध्ये आपण आज ज्याची चर्चा करत आहोत ती विभागणी पुष्कळशी आहे.

मात्र ‘ओह माय झेडएसएच’ या झेडएसएचसाठीच्या तयार मांडणीमुळे ज्यांना प्लगइन हा शब्द ठाऊक आहे, त्यांच्यासाठी एक खुलासा : तिथले प्लगइन म्हणजे बहुतांशी शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या स्क्रिप्ट फायली आहेत. त्या फंक्शने, टोपणनावे आणि अर्धवट टाइप केलेले नाव पुरे करण्याचे नियम जोडतात. शेलच्या अंतर्गत रचनेशी त्यांचा संबंध नाही. आपल्या चर्चेत ते धरू नयेत. एकच बोध घ्यावा : सगळे काही सुरुवातीलाच वाचले, तर प्रॉम्प्ट दिसायला वेळ लागतो आणि लोक कंटाळतात.

शून्यनिर्गम

मी डायनॅमिक लायब्ररीच्या बाजूने आहे आणि कारण सरळ आहे. स्वतंत्र प्रोसेस म्हटली की प्रत्येक मूल्य बाइटमध्ये रूपांतरित करायचे, पाइपमधून पाठवायचे, पलीकडे पुन्हा उलगडायचे आणि उत्तरासाठी हाच प्रवास उलट करायचा. काही लाख ओळींच्या तक्त्यावर एखादी साधी क्रिया करायची असेल, तर मूळ कामापेक्षा ही वाहतूकच जड होते. रचनाबद्ध माहितीचा शेल करायचा आणि तीच माहिती दर वळणावर पुन्हा सपाट करायची, यात मला विसंगती दिसते.

तिसरा_थर

शून्यनिर्गम, वाहतुकीचा खर्च खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु रस्टच्या बाबतीत दुसरा मार्ग दिसतो तितका मोकळा नाही. रस्टला स्थिर एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्यांनी एकमेकांशी जुळण्याचा कायमचा संकेत, नाही. एका कंपाइलरने तयार केलेल्या लायब्ररीतील स्ट्रक्टची मांडणी दुसऱ्या आवृत्तीच्या कंपाइलरने तशीच ठेवावी, असे बंधन नाही. म्हणजे शेल आणि प्रत्येक प्लगइन तंतोतंत त्याच कंपाइलरने बांधावे लागेल, किंवा सीमेवर सगळे काही सीच्या एबीआयमध्ये उतरवावे लागेल. दुसरा पर्याय शक्य आहे, पण आपले मूल्य हे एकात एक गुंतलेले झाड असते : तक्त्यात नोंद, नोंदीत यादी, यादीत पुन्हा नोंद. ते सीच्या रूपात उतरवणे म्हणजे वेगळ्या नावाने तेच रूपांतर करणे होय. त्यात प्लगइनमध्ये पॅनिक (चुकीमुळे रस्टचा प्रोग्राम मध्येच थांबणे) झाले तर ते सीमा ओलांडून येणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते, आणि सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीचा चुकीचा वापर) झाला तर वापरणाऱ्याचा चालू शेलच, सगळ्या व्हेरिएबलांसकट, नाहीसा होतो.

ही अडचण एकट्या रस्टची नाही. गो भाषेत २०१७ पासून प्लगइनसाठी प्रमाण पॅकेज आहे; पण मुख्य प्रोग्राम आणि प्लगइन दोन्ही एकाच टूलचेनने आणि सामायिक पॅकेजांच्या त्याच आवृत्त्यांसह बांधलेले असावे लागतात, आणि विंडोजवर ती सोय नाहीच.

रस्टमध्येच लिहिलेल्या नुशेल या शेलने स्वतंत्र प्रोसेसचा मार्ग घेतला आहे, आणि त्यांची वाटचाल उपयोगी पडेल म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तिथे प्लगइन ही एक साधी एक्झिक्युटेबल फाइल असते आणि तिचे नाव ठरलेल्या उपसर्गाने सुरू व्हावे लागते. शेल ती सुरू करतो. ती प्रथम आपण जेसन (मजकुरी स्वरूप) बोलणार की मेसेजपॅक (आटोपशीर बाइटचे स्वरूप) हे सांगते, मग दोन्ही बाजू एकमेकींना आपली आवृत्ती आणि क्षमता कळवतात. मोठ्या माहितीसाठी मेसेजपॅक जलद पडते; जेसनचा फायदा असा की कोणत्याही भाषेत, अगदी पायथनच्या एका फाइलमध्येही, प्लगइन लिहिता येते.

आता वेगाविषयी. एखाद्या प्लगइनला आपला मोठा डेटा शेलकडे पाठवण्याची गरजच पडू नये, अशी सोय तिथे केली आहे. पोलार्स या डेटाफ्रेम लायब्ररीवरचे त्यांचे प्लगइन प्रत्यक्ष तक्ता स्वतःच्याच मेमरीत ठेवते आणि शेलला केवळ त्याची ओळखचिठ्ठी देते. पुढची कमांड तीच चिठ्ठी परत देते आणि काम प्लगइनमध्येच होते. छापायची वेळ आली की मगच खरी मूल्ये इकडे येतात. अर्थात त्यासाठी प्लगइन जिवंत राहिले पाहिजे, आणि तिथून नवे प्रश्न सुरू होतात : निष्क्रिय प्लगइन किती वेळ चालू ठेवावे, चिठ्ठी टाकून दिली गेली हे त्याला कसे कळवावे. नुशेलमध्ये निष्क्रिय प्लगइन मूळ मांडणीनुसार १० सेकंदांनी बंद होते. ज्याच्याकडे असा साठा आहे, ते ‘मला बंद करू नका’ असे कळवू शकते, आणि चिठ्ठी सुटल्याची सूचनाही त्याला मागता येते. तेव्हा हा मार्ग फुकटचा नाही, हे मान्य. पण त्याची किंमत जिथे जड डेटा आहे त्या मोजक्या प्लगइनांनाच मोजावी लागते.

निळाप्रॉम्प्ट

एकाच प्रोसेसमध्ये सगळे चढवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या शेलमध्ये पाहायला मिळतो, म्हणून त्याची भर घालतो. पहिल्या आवृत्तीत, म्हणजे २००६ साली, नव्या कमांड ‘स्नॅप-इन’ म्हणून याव्या लागत आणि त्यांची यंत्रावर रीतसर नोंदणी करावी लागे. दुसऱ्या आवृत्तीत मॉड्यूले आली. ठरलेल्या मार्गावर फोल्डर ठेवले की पुरे. तिसऱ्या आवृत्तीपासून, २०१२ मध्ये, मॉड्यूल आपोआप चढू लागले : कमांडचे नाव टाइप केले की शेल तिचे मॉड्यूल शोधून आणतो. विशेष म्हणजे फायलींची यादी देणारी मूलभूत कमांडसुद्धा तिथे एका मॉड्यूलमध्येच राहते. रचनेच्या दृष्टीने हे फार सुबक आहे.

तरीही सगळी मॉड्यूले डॉटनेट या पॉवरशेलच्या पायाभूत मंचाच्या एकाच प्रोसेसमध्ये राहत असल्यामुळे, दोन मॉड्यूलांना एकाच लायब्ररीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या हव्या असल्या की भांडण होते. जेसन हाताळणाऱ्या एका लोकप्रिय लायब्ररीवरून अशा तक्रारी वारंवार झाल्या आहेत. वेगळे लोड कॉन्टेक्स्ट (लायब्ररी चढवण्याचे स्वतंत्र कप्पे) वापरून त्यातून वाट काढता येते, पण ते ओझे प्लगइन लिहिणाऱ्यावर पडते. सांगायचे ते इतकेच की कोडची विभागणी आणि कोडचे विलगीकरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधत नाही.

कंस_पूर्ण

उभीरेघ, आपला निकष बऱ्याच अंशी पटतो, पण त्यात एक भोक आहे. यादीतील प्रत्येक घटकावर एखादी क्रिया करणारी कमांड घ्या, किंवा अटीनुसार ओळी निवडणारी. त्या शेलच्या स्थितीला हात लावत नाहीत. मूल्ये घेतात, मूल्ये देतात. आपल्या कसोटीप्रमाणे त्या बाहेर जायला हव्यात. परंतु त्यांना आर्ग्युमेंट म्हणून क्लोजर, म्हणजे मागाहून चालवायचा कोडचा तुकडा, मिळते, आणि क्लोजर चालवायला मूल्यमापन करणारे इंजिन लागते, जे शेलमध्ये आहे. म्हणजे प्लगइन प्रत्येक ओळीसाठी शेलला विनंती करणार, शेल क्लोजर चालवणार, उत्तर परत जाणार. प्रोटोकॉलमध्ये अशी विनंती ठेवता येते, नुशेलमध्ये ती आहेही, पण ती अडीनडीला वापरण्याची गोष्ट आहे. क्लोजर घेणाऱ्या कमांड इंजिनजवळच राहाव्यात.

दुसरा गट याहून कडक आहे. फंक्शन घोषित करणारी, दुसरी फाइल आत घेणारी, मॉड्यूलमधील नावे आणणारी कमांड यांचा परिणाम कोड चालण्याच्या आधी, पार्स होतानाच घडावा लागतो. नाहीतर पुढच्या ओळीतील नाव पार्सरला ओळखताच येणार नाही. या नावापुरत्या कमांड आहेत. खरे तर तो भाषेचाच भाग आहे.

उभीरेघ

कंस_पूर्ण, दोन्ही मुद्दे मान्य. निकष असा सुधारतो : कमांडला तिच्या प्रत्येक मूल्यासाठी शेलशी बोलावे लागत असेल, तर ती आतच.

यातून आणखी एक प्रश्न निघतो. आमचा शेल संपूर्ण स्क्रिप्ट आधी पार्स करतो आणि चुकीचा फ्लॅग किंवा चुकीचा प्रकार असेल तर काहीही चालवण्यापूर्वीच सांगतो. त्यासाठी प्रत्येक कमांडची सही, म्हणजे तिची आर्ग्युमेंट, त्यांचे प्रकार आणि ती काय घेते व काय देते, हे पार्सरला आधी माहीत असावे लागते. मग प्लगइनमधील कमांडचे काय? प्रत्येक वेळी शेल सुरू होताना सगळी प्लगइन चालवून सह्या विचारणे परवडणारे नाही. अर्धविराम यांनी म्हटलेला कंटाळा तिथेच येणार.

तिसरा_थर

सह्या साठवून ठेवाव्या लागतात, दुसरा उपाय मला माहीत नाही. प्लगइन जोडताना एकदाच ते चालवायचे, त्याच्या सह्या विचारून घ्यायच्या आणि एका नोंदवहीच्या फाइलमध्ये लिहून ठेवायच्या. पुढे शेल सुरू होताना केवळ ती फाइल वाचतो. प्लगइनची प्रोसेस त्याची एखादी कमांड प्रत्यक्ष चालेल तेव्हाच जन्म घेते. नुशेलमध्ये म्हणूनच प्लगइन ‘जोडणे’ आणि ‘वापरणे’ या दोन वेगळ्या कमांड आहेत. पहिली धावतानाचे काम करते. दुसरी पार्सरला दिसणारी आहे. ही फोड पहिल्यांदा वाचणाऱ्याला उगाचची वाटते, पण वर दिलेल्या कारणामुळे ती अटळ आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे लायब्ररींकडे. कार्गो या रस्टच्या बांधणी-साधनात क्रेटांचे चक्राकार अवलंबन चालत नाही, त्यामुळे दिशा ठरवावीच लागते. सर्वांत खाली मूल्याची व्याख्या, प्रकार, सही, एररचे स्वरूप आणि सोर्समधील जागा दाखवणारा स्पॅन एवढेच असलेले क्रेट ठेवावे; त्याच्या वर मूल्यमापनाचे इंजिन आणि पार्सर; त्यावर भाषेच्या मूळ कमांड; त्यानंतर इतर कमांडचे क्रेट; आणि सर्वांत वर सगळ्यांना एकत्र बांधणारी बायनरी. ओळ-संपादक पूर्णपणे बाजूला असावा, त्याला शेलची भाषा ठाऊकच नसावी. बॅशच्या रीडलाइन या ओळ-संपादकाने हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. ती स्वतंत्र लायब्ररी असल्यामुळेच जीडीबी (डीबगर) आणि पीएसक्यूएल (डेटाबेसशी बोलणारा प्रोग्राम) यांसारख्या, शेल नसलेल्या प्रोग्रामनाही वापरता येते. नुशेलचा रीडलाइनसारखाच संपादकही वेगळे क्रेट आहे.

खालच्या थराविषयी एक इशारा. त्यात गोष्टी साचत जातात, कारण ‘हे दोघांनाही लागते’ असे म्हणून प्रत्येक जण काहीतरी तिथे सरकवतो. नुशेलच्या प्रोटोकॉल क्रेटमध्ये आज इंजिनची स्थिती ठेवणारे स्ट्रक्टसुद्धा आहे. याचा त्रास प्लगइन लिहिणाऱ्याला होतो : त्याला फक्त मूल्ये आणि निरोपांचे स्वरूप हवे असते, पण त्याच्याबरोबर बरेच काही कंपाइल होते. त्यांनी २०२४ मध्ये प्लगइनचे क्रेट फोडून निरोपांची व्याख्या, दोन्ही बाजूंना लागणारा सामायिक भाग, शेलच्या बाजूचा भाग आणि प्लगइन लिहिणाऱ्याच्या बाजूचा भाग असे वेगळे केले. आपण ही फोड पहिल्या दिवसापासूनच ठेवावी.

कंस_पूर्ण

याला एक तांत्रिक पुस्ती. पार्सरच्या चाचण्यांना ‘इफ’ आणि ‘लेट’ हव्या असतात, त्या वरच्या थरात आहेत, म्हणून लोक त्या क्रेटला चाचणीपुरते अवलंबन म्हणून जोडतात. कार्गो अशा चक्राला परवानगी देतो. पण मग क्रेटच्या आतल्या चाचण्यांत त्याच क्रेटच्या दोन प्रती येतात आणि ‘दिलेला प्रकार अपेक्षित प्रकाराशी जुळत नाही’ अशी, दोन्हीकडे एकच नाव असलेली, बुचकळ्यात टाकणारी एरर येते. या चाचण्या क्रेटच्या वेगळ्या टेस्ट डिरेक्टरीत, किंवा सर्वांत वरच्या क्रेटमध्ये ठेवाव्यात.

शून्यनिर्गम

स्वतंत्र प्रोसेसच्या बाजूने पारडे झुकलेले दिसते, तर तिचे टोचणारे कोपरेही नोंदवतो. चालू डिरेक्टरी हा त्यातला पहिला. शेलची चालू डिरेक्टरी आणि प्लगइन प्रोसेसची डिरेक्टरी या एकच असतील याची खात्री नाही. प्लगइन दीर्घकाळ जिवंत राहिले आणि वापरणारा मध्ये दुसरीकडे गेला, तर सापेक्ष मार्ग चुकीच्या फाइलकडे नेईल. तेव्हा प्लगइनने मार्ग स्वतः न सोडवता शेलकडून चालू डिरेक्टरी विचारून सोडवला पाहिजे. हा नियम मार्गदर्शिकेत ठळक हवा, कारण चाचणीत ही चूक सापडत नाही. दोन्ही डिरेक्टऱ्या तेव्हा एकच असतात.

दुसरा कोपरा टर्मिनलचा. प्रमाण इनपुट आणि आउटपुटवरून प्रोटोकॉल चालू असेल, तर प्लगइनमध्ये विसरून राहिलेली एक छपाईची ओळ संपूर्ण संवाद बिघडवते. आणि ज्या प्लगइनला स्वतः टर्मिनलवर काही दाखवायचे आहे, कळा वाचायच्या आहेत, त्याला तर जागाच उरत नाही. त्यासाठी निरोपांकरिता लोकल सॉकेट वापरावे लागते, आणि युनिक्सवर प्लगइनला काही काळ फोरग्राउंड प्रोसेस-गटात, म्हणजे टर्मिनल ज्याच्या ताब्यात असते त्या गटात, घ्यावे लागते, नाहीतर टर्मिनलमधून वाचायला जाताच कर्नल त्याला थांबवतो.

तिसरा प्रवाहांचा. समोरच्या कमांडने पहिल्या पाच ओळी घेऊन हात झटकले, तर प्लगइनला ‘पुरे’ असे कळले पाहिजे. आणि घेणारा संथ असेल तर पाठवणाऱ्याने थांबून पोच येण्याची वाट पाहिली पाहिजे, नाहीतर मेमरी भरत जाईल. साध्या युनिक्स पाइपमध्ये कर्नल हे सगळे विनामूल्य करून देतो. एका जोडणीवरून अनेक प्रवाह न्यायचे म्हटले की ते आपल्यालाच लिहावे लागते.

निळाप्रॉम्प्ट

सुरक्षेविषयीही कोणी गैरसमज करून घेऊ नये. स्वतंत्र प्रोसेस कोसळली तर शेल वाचतो, एवढेच संरक्षण मिळते. ते प्लगइन वापरणाऱ्याच्याच अधिकाराने चालते आणि त्याच्या सगळ्या फायली वाचू शकते. वेबअसेंब्ली या बंदिस्त वातावरणात चालवले तर अधिकार मोजून देता येतात, पण फायली आणि नेटवर्क यांवरच ज्यांचे काम चालते अशा प्लगइनांना ते अधिकार अखेर द्यावेच लागतात.

उभीरेघ

या चर्चेवरून आम्ही पहिले पाऊल ठरवले आहे : प्लगइनला सध्या हातच लावायचा नाही. लायब्ररी वेगळी करणे आणि तिला प्लगइन करणे यांची आम्ही गल्लत करत होतो. कंपाइलला लागणारा वेळ आणि वाचण्याची सोय, या दोन्ही तक्रारी नुसते क्रेट वेगळे केल्याने बऱ्याच कमी होतात, आणि डेटाबेससारखे जड भाग कार्गोच्या फीचरने ऐच्छिक ठेवता येतात. ज्याचा प्रकाशनाचा वेग शेलपेक्षा निराळा आहे, किंवा जे आमच्याबाहेरच्या कोणी लिहायचे आहे, तेच प्लगइन होईल.

एक शंका राहते. फायलीच्या स्वरूपांचे, म्हणजे आयएनआय, कॅलेंडर, ईमेल अशा प्रकारांचे वाचक बाहेर गेले, तर ‘ओपन’ या गाभ्यातील कमांडला ते कसे सापडणार? गाभ्याला प्लगइनची यादी माहीत असणे मला नको आहे.

तिसरा_थर

नावाच्या संकेतावर ते सोडवता येते. ‘ओपन’ने फाइलचे एक्स्टेन्शन घ्यावे, ‘फ्रॉम’ या शब्दापुढे ते जोडून त्या नावाची कमांड उपलब्ध आहे का ते पाहावे, असल्यास मजकूर तिच्याकडे सोपवावा, नसल्यास तसाच परत द्यावा. ती कमांड गाभ्यातली आहे, प्लगइनमधली आहे की वापरणाऱ्याने स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये घोषित केलेली आहे, याच्याशी ‘ओपन’ला कर्तव्य नाही. नुशेलमध्ये हेच चालते.

आवृत्तीची तपासणी मात्र नोंदवहीतील सह्या वाचताना पुरेशी समजू नका. प्लगइनची फाइल मागाहून बदललेली असू शकते. प्रोसेस सुरू झाल्यावर होणाऱ्या पहिल्या निरोपातच ती पुन्हा करावी, आणि जुळत नसेल तर ‘प्लगइन अमुक आवृत्तीसाठी बांधलेले आहे, पुन्हा बांधून पुन्हा जोडा’ असे स्पष्ट सांगून थांबावे. १.० च्या आधीच्या आवृत्त्यांत कार्गो मधला आकडा बदलला की सुसंगती तुटली असे मानतो. तुम्हीही तपासणीत तोच नियम ठेवा.